पिशवी काढली, पण आधाराचे काय?

अंग बाहेर येते अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात येते, तोवर बहुधा बरीच वर्षे उलटलेली असतात. उभे राहिले की खाली जड वाटते, संध्याकाळपर्यंत कंबर भरून येते, खोकताना-शिंकताना गोळा हाताला लागतो. लघवी साफ होत नाही म्हणून काही जणी तो गोळा बोटाने आत ढकलून मग लघवी करतात आणि हे घरात कुणाला सांगत नाहीत. एवढे सोसून ती तपासणीच्या टेबलावर आली की तिला मिळणारा सल्ला अनेकदा एका वाक्याचा असतो: पिशवी खाली आली आहे, काढून टाकू. देणाऱ्यालाही तो रास्त वाटतो आणि घेणारीलाही. जे बाहेर आले ते काढले की दुखणे संपले, इतका हा हिशेब सरळ दिसतो. माझे म्हणणे असे की या हिशेबाची सुरुवातच चुकीच्या जागी होते. गर्भाशय खाली येते ते त्याचा आधार सुटल्यामुळे. बहुतेक वेळा त्याला स्वतःला कोणताही आजार नसतो. या शस्त्रक्रियेत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत पुष्कळ बदल झाले. आधार नीट बांधणारे आणि बाईच्या त्रासाशी इमान राखणारे बदल टिकले. आकार जागेवर आणण्याच्या घाईत हे दोन्ही विसरणारे बदल रुग्णांना महागात पडले.

आधार म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. जॉन डीलॅन्सी या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९९२ मध्ये मृतदेहांच्या विच्छेदनावरून या आधाराचे तीन स्तर दाखवून दिले. सर्वांत वरच्या स्तरावर गर्भाशयाचे तोंड आणि योनीचे वरचे टोक मजबूत बंधांनी मागे, पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीकडे आणि दोन्ही बाजूंना ओढून धरलेले असते. मधल्या स्तरावर योनीच्या बाजू कटीच्या भिंतींना चिकटलेल्या असतात; पुढची भिंत मूत्राशयाला पेलते, मागची गुदाशयाला आत ठेवते. सर्वांत खाली योनी आणि गुदद्वार यांच्यामधला घट्ट स्नायूंचा भाग असतो. या साऱ्याच्या तळाशी कटीतळाचा रुंद स्नायू कायम थोडा आवळलेला असतो आणि वरचा भार मुख्यतः तोच घेतो. बाळंतपणात तो कमालीचा ताणला जातो, कधी हाडापासून तुटतोही. मग त्याने पेलायचा भार बंधांवर येतो आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने बंध लांबत जातात. पाळी गेल्यानंतर ऊतींचा कसही कमी होतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, डोक्यावरची ओझी यांची त्यात भर पडते. मांडवाचे ताणे सैल झाले म्हणून कापड खाली आले, तर कापड फाडून मांडव उभा राहत नाही. ताणेच पुन्हा आवळावे लागतात. डीलॅन्सी यांच्या त्या अभ्यासाचा विषयही इथे लक्षात घ्यावा. गर्भाशय काढून टाकलेल्या स्त्रियांची योनी पुढे उलटून बाहेर का येते, हाच प्रश्न त्यांनी घेतला होता. पिशवी काढूनही अंग बाहेर येऊ शकते या अनुभवातूनच आधाराची आजची समज घडली आहे.

योनीमार्गे गर्भाशय काढताना वरच्या स्तराचे बंध कापावेच लागतात. ते कापल्यानंतर त्यांची टोके योनीच्या वरच्या टोकाला, म्हणजे घुमटाला, परत पक्की शिवली नाहीत, तर शस्त्रक्रियेने दुखण्याचे मूळ कारण वाढवूनच ठेवले असे होते. १९५७ मध्ये मॅकॉल यांनी हे बंध मधोमध आणून घुमटाला शिवण्याची रीत सांगितली आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती आली. पण पाठ्यपुस्तकात असणे वेगळे आणि रोजच्या ऑपरेशनमध्ये ती मनापासून केली जाणे वेगळे. गर्भाशय काढणे हा ऑपरेशनचा दिसणारा भाग असतो. तो नातेवाइकांना ट्रेमध्ये दाखवता येतो. बंध शोधून, मूत्रवाहिनी वाचवून घुमट टांगण्याचे काम बाहेर कुणाला दिसत नाही. ते झाले की नाही हे पुढची काही वर्षे ठरवतात.

गर्भाशय ठेवून आधार बांधण्याची कल्पना पाश्चात्त्य देशांत अलीकडे जोमात आहे, पण तिचा एक मोठा अध्याय मुंबईत लिहिला गेला. आपल्याकडे लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणे, बाळंतपणानंतर लगेच कामाला जुंपणे यांमुळे विशी-पंचविशीतल्या स्त्रियांचेही अंग बाहेर येत असे. त्यांना पुढे मुले हवी असत आणि गर्भाशय काढणे हा त्यांच्यापुरता मार्गच नव्हता. गोव्यात जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये घडलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर जगाला गर्भाशयमुखाच्या टाक्यामुळे ठाऊक आहेत. पण त्यांनी गर्भाशयाच्या मानेला मागच्या बाजूने पट्टी शिवून ती त्रिकास्थीच्या वरच्या कंगोऱ्याला बांधण्याची शस्त्रक्रियाही रूढ केली. सुटलेल्या बंधांच्या जागी, त्यांच्याच दिशेने, नवे बंध घालण्याचा तो प्रयत्न होता. डावीकडे मोठ्या आतड्याचा भाग आड येतो, म्हणून तिकडून पट्टी नेण्यासाठी कण्यालगतच्या मोठ्या स्नायूवर एक फास घेऊन वाट काढावी लागते. काम अवघड आहे आणि हात बसल्याशिवाय करू नये असे आहे. डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी उलट बाजूने सोपी वाट काढली. त्यांनी गर्भाशयाच्या मानेला पुढून पट्टी लावून ती पोटाच्या पुढच्या भिंतीच्या आवरणाला बांधली. पोट आवळले की गर्भाशय वर उचलले जाते, असा तो हलता आधार. डॉ. अजित विरकुड यांनी पुढे दोन्हींचा मेळ घातला. उजवीकडे शिरोडकरांची वाट आणि डावीकडे पुरंदऱ्यांची, म्हणजे डावीकडच्या आतड्याची अडचण उरत नाही. प्रत्येक रीतीत दोष आहेत. पुरंदऱ्यांच्या रीतीत गर्भाशय पुढे ओढले गेल्याने मागची जागा मोकळी राहते आणि तिथून आतडे खाली उतरू शकते. पण ही सगळी माणसे आधाराच्या यांत्रिकीचाच विचार करत होती, आणि तोही डीलॅन्सींच्या कितीतरी आधीपासून.

मग ही दृष्टी तरुण स्त्रियांपुरतीच का राहिली? आपल्या वैद्यकीय शिक्षणात एक नियम पक्का बसला: मुले हवी असतील तर गर्भाशय वर बांधा, कुटुंब पूर्ण झाले असेल तर काढा. म्हणजे गर्भाशय राखायचे ते मुलांसाठी. मुले झाली की त्याचे मोल संपले. शरीररचनेच्या दृष्टीने या नियमाला पुरेसा पाया नाही, कारण तिसऱ्या मुलानंतर बंधांची जागा बदलत नाही. नियमामागे समाजाची नजर आहे आणि तिचे परिणाम आपण पाहिले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या शस्त्रक्रियांमागची कारणे मुख्यतः वेगळी होती, अंग बाहेर येणे हे त्यांतले मोठे कारण नव्हते. पण 'आता तिचा उपयोग काय' हा जो विचार तिथे इतक्या सहजपणे चालला, तोच अंग बाहेर येण्याच्या उपचारातही चालतो, म्हणून हा आकडा इथे सांगावासा वाटला.

गर्भाशय ठेवले तर दुखणे परत येईल, हा जुना आक्षेप. आता त्याची तपासणी झाली आहे. नेदरलँड्समध्ये २०८ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी तशी विभागणी केली गेली. निम्म्यांचे गर्भाशय योनीमार्गे काढले आणि वरचे बंध शिवले. निम्म्यांचे गर्भाशय ठेवून ते कटीतल्या एका पक्क्या बंधाला टाक्यांनी बांधले. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा भाग त्रासदायकपणे पुन्हा खाली येणे किंवा त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागणे, हे गर्भाशय ठेवलेल्यांत एक टक्का आणि काढलेल्यांत जवळपास आठ टक्के होते. त्याच देशातला दुसरा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये सुरू केलेली आणि पुढे फॉदरगिल यांनी सुधारलेली शस्त्रक्रिया मधल्या काळात जवळपास अडगळीत पडली होती. तिच्यात गर्भाशयाचे लांबलेले तोंड कापतात, बाजूचे बंध पुढे आणून उरलेल्या मानेसमोर एकमेकांवर शिवतात, आणि पुढची-मागची भिंत दुरुस्त करतात. गर्भाशय जागेवर राहते आणि प्लास्टिकची जाळी लागत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३४ स्त्रियांच्या अभ्यासात ही जुनी शस्त्रक्रिया गर्भाशय बांधण्याच्या नव्या रीतीपेक्षा सरस ठरली: दोन वर्षांनी यशाचे प्रमाण मँचेस्टर रीतीत ८७ टक्के, दुसरीत ७७ टक्के. या अभ्यासात गर्भाशय पूर्ण बाहेर आलेल्या स्त्रिया नव्हत्या, हे विसरून चालणार नाही. पण मध्यम प्रमाणात खाली आलेल्या गर्भाशयासाठी सव्वाशेहून अधिक वर्षांची एक रीत इतकी चांगली उतरते, आणि आपल्याकडे ती शिकवणारे हात कमी होत चालले आहेत, ही काळजी करण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप कर्करोगाचा, आणि भारतात तो वजनदार आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्या स्त्रियांत फार मोठ्या प्रमाणावर होतो आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयोगटातल्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांची त्यासाठी कधी तपासणी झालेली आहे. तपासणीच नसलेल्या देशात गर्भाशय ठेवायचे कशाला, असे कुणी विचारले तर तो प्रश्न झटकून टाकता येणार नाही. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या, त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता. पूर्वी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तो अभ्यास १९८९ चा, पण त्यातून उठणारा प्रश्न आजही जुना झालेला नाही. तरीही याचे उत्तर निरोगी अवयव काढणे हे नव्हे. अंग बाहेर येते म्हणून बाई आली, की गर्भाशयमुखाची तपासणी आणि सोनोग्राफी करण्याची संधी त्याच दिवशी हाती येते. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होत असेल, तपासणीत शंका असेल किंवा घराण्यात अशा कर्करोगाचा आनुवंशिक धोका असेल, तर गर्भाशय काढणेच योग्य, आणि तेव्हा तसेच करावे. मँचेस्टर शस्त्रक्रियेत तोंडाचा मोठा भाग काढला जातो आणि तपासणीला पाठवता येतो. बाकीच्यांसाठी काढण्याचे कारण दाखवण्याची जबाबदारी शल्यचिकित्सकावर असली पाहिजे.

आता जाळीकडे येऊ. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी चांगली ठरली होती. तेव्हा योनीच्या भिंतीखाली तीच घालावी, ही कल्पना वरवर निर्दोष होती. तिला जोर आला तो एका आकड्यामुळे. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका पाहणीत, अंग बाहेर येणे किंवा लघवी न थांबणे यासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी २९ टक्के स्त्रियांची ती पहिली वेळ नसल्याचे आढळले. या आकड्याचा अर्थ 'तीनपैकी एक शस्त्रक्रिया फसते' असा लावला गेला, आणि तो बरोबर नव्हता. आज शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांतल्या किती जणी दुसऱ्यांदा आल्या हा एक प्रश्न आहे. आज शस्त्रक्रिया झालेल्यांतल्या किती जणी पुढे परत येतील हा दुसरा. त्याच भागातल्या स्त्रियांचा दहा वर्षे पाठपुरावा केल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागलेल्यांचे प्रमाण १७ टक्के निघाले. पण तोवर जाळ्यांचे तयार संच बाजारात आले होते. अमेरिकेत ते आधीच्या उत्पादनांसारखेच आहेत एवढ्या आधारावर, स्त्रियांवर स्वतंत्र चाचण्या न करता, मंजूर होत गेले. २०१० साली तिथे या दुखण्याच्या सुमारे तीन लाख शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ ७५ हजारांत योनीमार्गे जाळी घातली गेली.

जाळीच्या बाजूने पुरावा नव्हताच असे नाही. उत्तर युरोपातल्या ३८९ स्त्रियांच्या २०११ च्या अभ्यासात वर्षभरानंतर पुढची भिंत जागेवर राहून खाली गोळाही जाणवत नसल्याचे प्रमाण जाळी घातलेल्यांत ६१ टक्के आणि साध्या टाक्यांत ३५ टक्के होते. हा फरक मोठा आहे, आणि जाळी वापरणाऱ्या डॉक्टरांना केवळ लोभी ठरवणाऱ्यांनी तो पाहावा. पण त्याच अभ्यासात जाळीच्या गटात गुंतागुंतीही जास्त होत्या, आणि पुढे आलेल्या पुराव्याने पारडे फिरवले. ब्रिटनमध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत, निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस आले तेव्हा, पहिल्यांदा शस्त्रक्रिया होणाऱ्यांना दोन वर्षांत जाळीचा त्रासाच्या दृष्टीने काहीच जास्त फायदा झालेला दिसला नाही; दहापैकी एकीहून अधिक जणींना मात्र जाळीमुळे त्रास झाला. योनीच्या पातळ त्वचेतून जाळी बाहेर डोकावणे, संबंधांच्या वेळी असह्य वेदना, कटीत सतत टोचणे. हर्नियात पोटाच्या जाड भिंतीआड बसणारी जाळी इथे जंतूंनी भरलेल्या, हलत्या आणि नाजूक पडद्याखाली बसते. शिवाय ऊती तिच्यात गुंतत वाढत असल्याने ती पूर्णपणे काढणेही फार अवघड होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये सावध केले, २०११ मध्ये गंभीर गुंतागुंती विरळ नाहीत असे स्पष्ट सांगितले आणि एप्रिल २०१९ मध्ये या कामासाठीच्या योनीमार्गे जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने ती पावले २०१७ च्या अखेरीसच उचलली होती. पोटातून, दुर्बिणीने, योनीचा घुमट त्रिकास्थीला बांधण्यासाठी घातली जाणारी जाळी आजही वापरली जाते आणि घुमट खाली आलेल्यांसाठी ती टिकाऊ दुरुस्ती आहे. पण तीही अगदी निर्धोक नव्हे: अमेरिकेतल्या एका अभ्यासात सात वर्षांत १०.५ टक्के स्त्रियांत जाळी झिजून बाहेर आली होती. रोबोच्या साहाय्याने हीच शस्त्रक्रिया आज मोठ्या शहरांत होते. यंत्र बदलले तरी जाळी तीच, हे खर्चाचा आकडा ऐकताना ध्यानात असू द्यावे.

यश कशाला म्हणायचे, हा यातला मूळ प्रश्न आहे. भिंत अमुक रेषेच्या वर आहे की खाली, हे मोजपट्टीने सांगता येते. त्यामुळे बरीच वर्षे तेच यश मानले गेले. २००९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी या व्याख्याच तपासून पाहिल्या. बाई स्वतः 'मला बरे वाटते' म्हणते, त्याच्याशी सर्वांत चांगले जुळणारे लक्षण निघाले ते एकच: खाली गोळा जाणवणे थांबले की नाही. भिंत किती मिलिमीटर वर आहे याचे महत्त्व त्या मानाने थोडे. ही समज आली की जुन्या शस्त्रक्रियाही वेगळ्या दिसू लागतात. फ्रान्समध्ये ल फोर यांनी १८७७ मध्ये सांगितलेली योनीमार्ग बंद करण्याची शस्त्रक्रिया मोजपट्टीवर ओबडधोबड वाटेल. पण ऐंशीच्या घरातल्या, हृदयविकार असलेल्या, संबंधांची इच्छा उरलेली नसलेल्या बाईसाठी ती कमी वेळाची आणि कमी भुलीची असते, आणि अंग पुन्हा बाहेर येण्याचा धोकाही तिच्यात अगदी कमी असतो. अट एकच: इच्छा उरली आहे की नाही, हे त्या बाईला मुलाच्या आणि सुनेच्या समोर विचारायचे नाही. एकटीला बसवून विचारायचे.

ज्यांना शस्त्रक्रिया नको किंवा लगेच नको, त्यांच्यासाठी रिंग आहे. योनीत बसवायची सिलिकॉनची रिंग आपल्याकडे म्हाताऱ्यांचा तात्पुरता इलाज म्हणून बाजूला पडली आहे. नेदरलँड्समधल्या ४४० स्त्रियांच्या २०२२ च्या अभ्यासात दोन वर्षांनी बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण रिंग लावलेल्यांत ७६ टक्के आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत ८१.५ टक्के निघाले. रिंग शस्त्रक्रियेइतकीच चांगली असे त्यावरून म्हणता आले नाही, आणि रिंगने सुरुवात केलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रियांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. पण उलट बाजूनेही वाचा: जवळपास निम्म्या जणींना त्या दोन वर्षांत ऑपरेशनची गरज पडली नाही. कुणी म्हणेल, आपल्या खेड्यातली बाई रिंग काढून धुऊन परत बसवायला दर काही महिन्यांनी दवाखान्यात कशी येणार? अडचण खरी आहे. पण पुष्कळ जणींना ते स्वतःचे स्वतः करायला शिकवता येते, आणि ते शिकवणे परिचारिकेला जमण्यासारखे आहे. कटीतळाच्या व्यायामाचेही तसेच. नीट तपासून, शिकवून करून घेतले तर सुरुवातीच्या अवस्थेत त्रास कमी होतो, हे २०१४ च्या ब्रिटिश नेतृत्वाखालच्या अभ्यासात दिसले आहे. कागदावर छापून हाती दिलेल्या व्यायामाकडून तेवढी अपेक्षा धरू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. हे अभ्यास डच आणि ब्रिटिश स्त्रियांवरचे. आपल्या बायका शेतात राबतात, पाण्याचे हंडे वाहतात, उशिरा येतात, गर्भाशय पूर्ण बाहेर आलेले असते. तालुक्याच्या डॉक्टरला गर्भाशय काढणे येते, ते नीट केले तर वाईट काय? नीट केले तर फार वाईट नाही, हे मी मान्य करते. पूर्ण बाहेर आलेल्या, व्रण पडलेल्या गर्भाशयासाठी योनीमार्गे ते काढून वरचे बंध घुमटाला पक्के शिवणे ही आजही चांगली शस्त्रक्रिया आहे. पण या युक्तिवादातच उत्तर दडले आहे. बाई परत ओझे उचलणार असेल, तर तिला मजबूत आधाराची गरज डच बाईपेक्षा जास्त आहे, कमी नाही. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरला शिकवायचे ते बंध शोधणे आणि शिवणे, मँचेस्टरची रीत, आणि रिंग बसवणे. या तिन्हींसाठी रोबो लागत नाही.

वाचकांपैकी कुणाच्या आईला, सासूला किंवा तुम्हाला स्वतःला हा सल्ला मिळाला असेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: पिशवीत काही आजार आहे का, की ती फक्त खाली आली आहे? काढणार असाल तर वरचा आधार कशाला शिवणार? ठेवता येईल का? जाळी घालणार का, आणि घालणार असाल तर का? रिंग लावून पाहता येईल का? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. जे रागावतील, त्यांच्याकडून ऑपरेशन करून घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.